शस्त्रसंधी आणि शांतता : नेपाळच्या अनुभवाच्या निमित्ताने

युद्ध थांबणे आणि शांतता नांदणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे राज्यशास्त्राच्या वर्गात मी दरवर्षी सांगतो. फळ्यावर दोन रकाने आखतो, व्याख्या लिहून देतो आणि मुले त्या परीक्षेपुरत्या उतरवून घेतात. माझीही समजूत बरीचशी त्या दोन रकान्यांपुरतीच होती. ती हलवली आमच्या वसाहतीच्या फाटकावर रात्रपाळी करणाऱ्या एका नेपाळी तरुणाने. सगळे त्याला ‘गुरखा’ म्हणतात. हजेरीच्या वहीत तो आपल्या नावापुढे नुसते ‘बी. के.’ असे लिहितो. हा ‘बी. के.’ म्हणजे विश्वकर्मा. नेपाळच्या डोंगरी मुलखात लोहारकाम करणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामी जातीतील माणसांनी लावलेले आडनाव. आडनावाची दोन अक्षरे करून त्यांच्या आड उभे राहणे म्हणजे काय, हे या नियतकालिकाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. मी त्याला काही विचारले नाही. ओळख वाढल्यावर त्यानेच सांगितले. त्याचे गाव पश्चिम नेपाळात, माओवाद्यांच्या युद्धाच्या पट्ट्यात. लढाई संपली तेव्हा तो लहान होता. आता गावात बंदूक नाही, रात्री कोणी दार ठोठावत नाही, शाळा भरते. “मग शांतता आली म्हणायची,” मी म्हणालो. त्यावर तो म्हणाला, “आली ना, सर. पण बाजारातल्या चहाच्या दुकानात माझा पेला अजून मीच धुऊन ठेवतो.”

हे वाक्य माझ्या कोणत्याच रकान्यात बसेना. यादवी युद्धातून बाहेर पडलेल्या देशात टिकाऊ शांतता कशी उभी राहते, कशाने ती पोकळ राहते आणि या हिशेबात सर्वांत खालच्या माणसाचा वाटा कोण लिहितो, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विचार सर्वसाधारण असला तरी आधार नेपाळचा घेतला आहे. कारण जातिव्यवस्था हेच ज्या यादवीचे एक कारण होते आणि जातिअंताचे आश्वासन ज्या शांतता कराराच्या पोटात होते, असा तो आपल्या शेजारचा देश आहे.

एक

नॉर्वेचे विचारवंत योहान गाल्टुंग यांनी १९६९ साली ‘संरचनात्मक हिंसा’ ही संकल्पना मांडली. कोणी कोणाला प्रत्यक्ष मारत नाही, तरी समाजाची घडणच अशी असते की काही माणसे औषधावाचून, अन्नावाचून, मानावाचून मरतात. ही हिंसा चालू असताना नुसत्या बंदुका गप्प झाल्या, तर ती अभावात्मक शांतता होय. ही घडण मोडून न्याय्य घडण उभी राहिली, तर ती भावात्मक शांतता. आपल्याला ही कल्पना ओस्लोहून मागवण्याची गरज नव्हती. गावकुसाबाहेरच्या वस्तीवर कधी तोफ डागली गेली नाही. तरी तेथे शांतता नांदत होती, असे कोण म्हणेल? जी शांतता एकाच्या पोटावर आणि दुसऱ्याच्या दहशतीवर उभी असते तिला आपल्याकडे ‘गावगाडा सुरळीत चालणे’ असे नाव होते.

परंतु म्हणून पहिली शांतता क्षुल्लक आहे, असे समजण्याची चूक करू नये. व्याख्यानाच्या भरात आपले काही मित्र तशी चूक करतात. गोळीबार थांबला की पहिला जीव वाचतो तो गरिबाचाच. कारण दोन्ही बाजूंच्या फौजा त्याच्याच घरी जेवण मागतात आणि जेवण दिल्याबद्दल त्यालाच गोळी घालतात. अभावात्मक शांतता ही पायरी आहे. प्रश्न आहे तो पायरीलाच घर समजण्याचा.

दोन

यादवी युद्ध हे दोन देशांतील युद्धासारखे नसते. परकी फौज परत जाते. यादवीत मारणारा आणि मेलेल्याचे आप्त उद्या एकाच पाणवठ्यावर येणार असतात. म्हणून यादवीनंतरच्या शांततेपुढे काही ठरावीक कामे असतात. पहिले, दोन्ही फौजांची शस्त्रे ताब्यात घेणे. दुसरे, लढणाऱ्या तरुणांना पोटापाण्याचा दुसरा मार्ग देणे. तिसरे, सत्तेचे नवे नियम ठरवून निवडणुका घेणे. चौथे, पोलीस व न्यायालये अशी उभी करणे की, माणसाला स्वतःच्या रक्षणासाठी टोळीकडे जावे लागू नये. पाचवे, जे मारले गेले, जे नाहीसे केले गेले त्यांचे सत्य बाहेर काढणे. आणि सहावे, ज्या कारणासाठी माणसे शस्त्र घेऊन उठली ते कारण नाहीसे करणे. पहिली पाच कामे करारात कलमवार येतात. सहावे बहुधा प्रस्तावनेत येते.

या कामांचा क्रम चुकला की काय होते, हे अंगोलात दिसले. १९९१ च्या मे महिन्यात करार झाला. दोन्ही फौजा खऱ्या अर्थाने विसर्जित होण्यापूर्वीच सप्टेंबर १९९२ मध्ये निवडणूक उरकण्यात आली. हरलेल्या जोनास साविंबींनी निकाल नाकारला. त्यांचे सैन्य शाबूत होते. काही आठवड्यांतच युद्ध पुन्हा पेटले आणि २००२ मध्ये साविंबी मारले जाईपर्यंत पुरते विझले नाही. पराभव पचवण्याची सक्ती ज्याच्यावर नाही त्याच्यापुढे मतपेटी ठेवण्यात अर्थ नसतो.

एल साल्व्हादोरने १९९२ च्या करारात पोलिसांचा प्रश्न हाताशी धरला. जुलमासाठी कुप्रसिद्ध असलेली जुनी पोलीसदले मोडून नवे नागरी पोलीसदल उभारायचे ठरले. त्यात शेकडा वीस जुने पोलीस, शेकडा वीस माजी बंडखोर आणि शेकडा साठ कोणत्याच बाजूने न लढलेले नागरिक असे प्रमाण होते. या आकड्यांमागचा विचार महत्त्वाचा आहे. काठी कोणाच्या हातात आहे, यावर कायद्याचा अर्थ ठरतो, हे त्या करारकर्त्यांना कळले होते.

ग्वातेमालाचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. तेथील यादवी १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षे चालली. दोन लाखांच्या आसपास माणसे मेली वा नाहीशी झाली. सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये सांगितले की, ओळख पटलेल्या बळींपैकी शेकडा ८३ माया आदिवासी होते. आदिवासींच्या हक्कांसाठी १९९५ मध्ये स्वतंत्र करार झाला होता. तो राज्यघटनेत आणण्यासाठी मे १९९९ मध्ये सार्वमत घेतले गेले. शेकडा वीस मतदारही मतदानाला आले नाहीत आणि सुधारणा फेटाळल्या गेल्या. म्हणजे ज्यांचे सर्वाधिक रक्त सांडले त्यांचेच कलम गळाले. बाकीचा देश शांततेत पुढे निघाला.

तीन

आता नेपाळ. १८५४ मध्ये जंगबहादूर राणाच्या अमलात ‘मुलुकी ऐन’ हा देशाचा कायदा तयार झाला. आपल्याकडे जातीचे नियम शास्त्रात, रूढीत आणि पाटलाच्या तोंडी होते. नेपाळात ते सरकारी कायद्यात कलमवार लिहिले गेले. वर जानवेधारी, मध्ये मद्य पिणाऱ्या जाती, त्यांतही गुलाम करता न येणाऱ्या आणि करता येणाऱ्या असे दोन थर. त्याखाली ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही अशा जाती. आणि तळाशी पाणी तर चालत नाहीच, पण ज्यांना शिवल्यास अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हावे लागते अशा जाती. एकाच गुन्ह्याला जातीप्रमाणे शिक्षा वेगळी. १९६३ च्या नव्या ऐनाने हे भेद कायद्यातून काढले. गावातून ते कोण काढणार, याची तरतूद त्यात नव्हती.

कामी, दमाई, सार्की या डोंगरी दलित जाती आणि तराईतील मुसहर, चमार, डोम. कोणी लोखंड घडवायचे, कोणी कपडे शिवून लग्नात वाजवायचे, कोणी चामडे कमवायचे. मोबदला म्हणून सुगीला धान्य. या पद्धतीला तेथे ‘बालीघरे’ म्हणतात. हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मला आजोबांची आठवण झाली. ते येसकरकीची भाकर मागत दारोदार फिरत आणि सुगीत खळ्यावर बलुते घेण्यासाठी उभे राहत. बाली आणि बलुते. शब्द वेगळे, खळे तेच. सुदूर पश्चिमेत याखेरीज ‘हलिया’ होते. बापाने घेतलेल्या कर्जापोटी मुलाने मालकाचा नांगर धरायचा. सालगड्याचे साल तरी संपते, हलियाचे संपत नसे.

१९९० च्या जनआंदोलनाने बहुपक्षीय लोकशाही आली, पण राज्य ‘हिंदू राज्य’च राहिले. १९९१, १९९४ आणि १९९९ अशा तीन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. २०५ जागांच्या प्रतिनिधी सभेवर या तिन्ही मिळून निवडून आलेला दलित एकच. देशाच्या लोकसंख्येत दलित शेकडा तेराच्या आसपास. या लोकशाहीने आपल्याला काय दिले, असा प्रश्न एखाद्या लोहाराच्या मुलाला पडला असेल तर त्याला लोकशाहीद्रोही म्हणता येणार नाही.

चार

४ फेब्रुवारी १९९६ रोजी माओवाद्यांनी सरकारला चाळीस मागण्यांचे निवेदन दिले. त्यांत राजेशाहीचे विशेषाधिकार रद्द करण्यापासून मुलींना संपत्तीत समान हक्क देण्यापर्यंत आणि अस्पृश्यता नष्ट करण्यापर्यंत मागण्या होत्या. १३ फेब्रुवारीला रोल्पा, रुकुम, सिंधुली येथील पोलीस चौक्यांवर हल्ले होऊन ‘जनयुद्ध’ सुरू झाले. दहा वर्षांत सुमारे १७,००० माणसे मेली आणि तेराशेहून अधिक नाहीशी झाली. अत्याचार दोन्ही बाजूंनी झाले. ऑगस्ट २००३ मध्ये वाटाघाटी चालू असतानाच शाही सेनेने दोरम्बा येथे पकडलेल्या माणसांना ठार केले. जून २००५ मध्ये माओवाद्यांनी चितवन जिल्ह्यातील माडी येथे सुरुंगाने प्रवासी बस उडवली. जवळपास चाळीस माणसे मेली, त्यांत बहुसंख्य साधे प्रवासी होते.

दलित तरुण-तरुणी या युद्धात का गेल्या? मार्क्स वाचून फार थोड्या गेल्या असाव्यात. माओवाद्यांच्या ताब्यातील गावांत नळावर, देवळात, पंगतीत शिवाशिव करणाऱ्याला जाहीर शिक्षा होई. ज्या माणसाने आपल्या बापाला अंगणाच्या बाहेर बसवले तो बंदुकीच्या धाकाने का होईना, आपल्या हातचे पाणी पितो आहे, हे दृश्य पाहण्याची किंमत काय असते, ते ज्याने कधी लांबून पाणी वाढलेले प्यायले नाही त्याने ठरवू नये. हे मी हिंसेचे समर्थन म्हणून लिहीत नाही. पण शांततेची गरज सांगताना जे या ओढीकडे पाहतच नाहीत, त्यांना शांततेचे शास्त्र कळलेले नाही, एवढेच म्हणतो.

फेब्रुवारी २००५ मध्ये राजा ज्ञानेंद्र यांनी सारी सत्ता हाती घेतली. त्यामुळे संसदीय पक्ष आणि माओवादी एकत्र आले. नोव्हेंबरमध्ये दिल्लीत बारा कलमी समझोता झाला. एप्रिल २००६ मध्ये एकोणीस दिवस सामान्य माणसे रस्त्यावर उतरली आणि राजाला माघार घ्यावी लागली. २१ नोव्हेंबर २००६ रोजी गिरिजाप्रसाद कोईराला आणि प्रचंड यांनी सर्वसमावेशक शांतता करारावर सह्या केल्या. युद्ध बंदुकीने सुरू झाले. ते संपवण्याचे बळ मात्र निःशस्त्र गर्दीने पुरवले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शस्त्रांच्या बाबतीत नेपाळने अंगोलाची चूक टाळली. माओवादी सैनिक सात मुख्य आणि एकवीस उपछावण्यांत ठेवले गेले. त्यांची शस्त्रे लोखंडी पेट्यांत बंद झाली. किल्ली त्यांच्याच सेनापतींकडे, पण पहारा संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांचा, कॅमेरा आणि भोंग्यासह. तेवढीच शस्त्रे सरकारी सेनेनेही कुलपात ठेवली. कोणीही हरलेला नाही, हे या व्यवस्थेने दोघांना पटवले. त्यानंतरच १० एप्रिल २००८ रोजी संविधान सभेची निवडणूक झाली. माओवादी सर्वांत मोठा पक्ष ठरले. ६०१ सभासदांत १९७ स्त्रिया आणि सुमारे ५० दलित होते. जेथे नऊ वर्षांपूर्वी एकही नव्हता तेथे पन्नास! मे २००८ मध्ये राजेशाही गेली. सप्टेंबरमध्ये हलिया मुक्त झाल्याची घोषणा झाली. येथवरचा इतिहास वाचताना कोणाचीही छाती भरून येईल.

पाच

पुढचा इतिहास इतका सरळ नाही.

छावण्यांतील १९,६०२ जण लढवय्ये म्हणून नोंदले गेले. त्यांनी तेथे पाच वर्षांहून अधिक काळ काढला. अखेर २०१२-१३ पर्यंत त्यांच्यातील सुमारे चौदाशे राष्ट्रीय सेनेत गेले. पंधरा हजारांहून अधिक जणांनी हुद्द्याप्रमाणे पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरचा रस्ता धरला. प्रशिक्षण आणि पुनर्वसनाचा पर्याय घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. रोकड हातात पडली की हिशेब मिटला, अशी ही पद्धत होती. ज्याच्या घरी जमीन होती त्याचे पैसे जमिनीत गेले. ज्याच्या घरी काही नव्हते त्याचे सावकारात आणि परदेशी नोकरीच्या दलालात.

यांच्याहून वाईट गत झाली ती पडताळणीत नाकारलेल्या ४,००८ जणांची. त्यांतील जवळपास तीन हजार शस्त्रसंधीच्या वेळी अठरा वर्षांखालील होते. बाकीचे उशिरा भरती झालेले. २०१० च्या आरंभी त्यांना छावणीबाहेर काढण्यात आले. त्यांना नाव पडले ‘अयोग्य’. बालसैनिक म्हणजे खरे तर युद्धाचे बळी. पण रोख रक्कम योग्य ठरलेल्यांना आणि शिक्का यांना. कोवळ्या वयात ज्यांच्या हातात बंदूक योग्य ठरली ते शांततेला अयोग्य ठरले! अयोग्य हा शब्द कपाळावर घेऊन घरी जाणाऱ्या मुलीला गाव कसे वागवते, याची कल्पना आपण करू शकतो. संक्रमणाच्या नोंदवहीतला कारकुनी शब्द माणसाची नवी जात होऊन बसतो.

सत्याचेही तसेच. नाहीशा केलेल्या माणसांची माहिती साठ दिवसांत जाहीर करू, असे करारात लिहिले होते. साठ दिवस गेले आणि वर्षे गेली. सत्यनिरूपण आणि बेपत्तांच्या शोधाचे दोन आयोग नेमले गेले तेच फेब्रुवारी २०१५ मध्ये. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, गंभीर गुन्ह्यांना सरसकट माफी देता येणार नाही, असा निर्णय दिला. साठ हजारांहून अधिक तक्रारी दाखल झाल्या. कायद्यात दुरुस्ती व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडले. या विलंबाचे कारण गूढ नाही. दोन्ही बाजूंचे नेते आता आळीपाळीने आणि कधी एकत्र सत्तेत बसत होते. दोघांच्याही हातांना रक्त होते. एकाचे कपाट उघडले तर दुसऱ्याचेही उघडावे लागते. अशा वेळी शांतता म्हणजे वरच्यांनी वरच्यांना दिलेली माफी ठरते. आणि मुलगा मेला आहे की जिवंत, हे माहीत नसलेल्या आईने त्या शांततेचे रक्षण गप्प बसून करावे, अशी अपेक्षा असते.

जमिनीचे काय झाले? २० सप्टेंबर २०१५ च्या संविधानातील चाळीसावे कलम दलितांच्या हक्कांचे आहे. राज्याच्या सर्व निकायांत सहभाग, प्राथमिक ते उच्च शिक्षण मोफत, बेघरांना घर आणि भूमिहीन दलिताला एकदा जमीन. आपल्या संविधानातही भूमिहीन दलिताला जमीन देण्याचे असे स्पष्ट वचन नाही. परंतु ज्या सभेत ते लिहिले गेले त्या सभेतील पक्षांना जमीनमालकांशी वाकडे घ्यायचे नव्हते. भूमी आयोग नेमले गेले, सरकारे बदलली, आयोग मोडले, नवे नेमले. मुक्त झालेल्या हलियाच्या मानेवरून कर्ज उतरले; पायाखाली जमीन आली नाही. भुकेला मुक्त माणूस पुन्हा त्याच मालकाच्या दारात उभा राहतो किंवा सरहद्द ओलांडून फाटकावर पहारा करतो. परदेशांतून येणारा पैसा नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चौथा हिस्सा झाला, त्यामागे अशी लक्षावधी माणसे आहेत. आणि जे मागे राहिले त्या पिढीचा असंतोष सप्टेंबर २०२५ मध्ये रस्त्यावर आला. दोन दिवसांच्या उद्रेकात सत्तरहून अधिक माणसे मेली आणि सरकार कोसळले. त्या तरुणांपैकी बहुतेकांना युद्ध आठवतही नसेल. युद्धातून आलेल्या नेत्यांची राजवट मात्र त्यांना पुरती ठाऊक होती.

सहा

२३ मे २०२० चा प्रसंग सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. जाजरकोटचा एक दलित तरुण आपल्या मित्रांसह शेजारच्या पश्चिम रुकुम जिल्ह्यातील सोती या गावी गेला. ज्या मुलीवर त्याचे प्रेम होते ती ठकुरी, म्हणजे उच्च जातीची. तिला लग्न करून आणायचे होते. गावच्या जमावाने त्यांचा पाठलाग केला, मारले. मृतदेह भेरी नदीत सापडले. तो आणि त्याचे मित्र मिळून सहा तरुण मेले. आरोपींत गावचा निवडून आलेला लोकप्रतिनिधीही होता. जिल्हा न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये आरोपींना शिक्षा ठोठावल्या, हे खरे. पण प्रश्न शिक्षेच्या आधीचा आहे.

कारण हे रुकुम आहे. याच रुकुममध्ये १९९६ साली पहिली गोळी सुटली. हाच माओवाद्यांचा बालेकिल्ला. येथे जात संपल्याचे जाहीर झाले होते, आंतरजातीय लग्ने पक्षाच्या मांडवात लागली होती. संविधानाने अस्पृश्यता गुन्हा ठरवली, २०११ पासून स्वतंत्र कायदा आहे, २०१७ च्या स्थानिक निवडणुकांत देशातील ६,७४३ प्रभागांपैकी प्रत्येकात एक जागा दलित स्त्रीसाठी राखली गेली. हे सारे असताना प्रेमासाठी गेलेली मुले नदीत गेली. मग जनयुद्धाने जे बदलले होते ते काय होते?

सात

या प्रश्नाशी येऊन थांबलो असता मला काठमांडूतीलच एक जुनी सभा आठवते. नोव्हेंबर १९५६ मध्ये तेथे जागतिक बौद्ध परिषद भरली होती. नागपूरच्या धर्मांतराला अवघा महिना झाला होता आणि महापरिनिर्वाणाला पुरते तीन आठवडेही उरले नव्हते. प्रकृती ढासळलेली असताना बाबासाहेब तेथे गेले आणि बुद्ध व कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. दुःखाचे मूळ शोषणात आहे, हे दोघांनाही मान्य. भेद साधनांचा, असे त्यांच्या मांडणीचे सार होते. बळाने आणलेला बदल बळ असेतो टिकतो. मन बदलून आणलेला बदल माणूस स्वतःच राखतो. ज्या देशात पुढे चाळीस वर्षांनी हा प्रयोग रक्ताने लिहिला जायचा होता, त्याच देशात हा इशारा दिला गेला, हा इतिहासाचा योगायोग मन सुन्न करतो. बंदूक होती तोवर नळ मोकळा होता. बंदूक पेटीत गेली आणि नळावर पुन्हा रांगा दोन झाल्या.

मात्र या इशाऱ्याचा सोयीस्कर अर्थ लावणारेही आहेत. ते म्हणतात, ‘मने बदलू द्या, घाई नको.’ असे म्हणणाऱ्यांचा मन हा विषय नसतो. त्यांना मुदत हवी असते. बाबासाहेबांनी मन बदलण्याची भाषा केली, पण त्याचबरोबर संविधान लिहिले, राखीव जागा मिळवल्या, शेतजमीन राज्याच्या मालकीची करण्याची योजना मांडली. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी रक्तरंजित मार्ग सोडण्यास सांगितले आणि त्याच भाषणात, राजकीय समता व सामाजिक विषमता यांचा विरोध लवकर मिटवला नाही तर विषमतेने गांजलेले लोक ही लोकशाहीच उद्ध्वस्त करतील, असेही बजावले. हे दोन इशारे एकत्र वाचावयाचे आहेत. पहिला बंडखोरासाठी आहे, दुसरा सत्ताधाऱ्यासाठी. आपल्या देशात पहिला पाठ करून घेतला जातो आणि दुसरा गाळला जातो. नेपाळात दोन्ही गटांनी आपापल्या गैरसोयीचा गाळला.

युद्धावाचून नेपाळी दलितांना ते पन्नास सभासद मिळाले असते काय, असा प्रश्न माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारला. मी प्रामाणिकपणे म्हणालो, “बहुधा नाही, निदान इतक्या लवकर नाही.” पण मग त्यालाच विचारले, की ते पन्नास ज्या पक्षांच्या यादीतून आले त्या पक्षांच्या बैठकीत त्यांचा आवाज कोणाचा होता? प्रमाणशीर पद्धतीत यादी नेता करतो. यादीत आलेला माणूस समाजाला नव्हे, नेत्याला जबाबदार राहतो. दलितांची स्वतःची स्वतंत्र चळवळ ज्या प्रमाणात पक्षांत विरघळली त्या प्रमाणात कराराचे पाळणे त्यांच्या हातून गेले. आपल्या चळवळीला हा धडा अपरिचित नाही.

टिकाऊ शांततेचे काम सैन्य छावणीतून घरी गेल्यावर संपत नाही. तेथून ते सुरू होते. ती शांतता मोजायची तर चार ठिकाणी जाऊन मोजावी. हलियाच्या पायाखाली जमीन आली का. पोलीस ठाण्यात दलिताची फिर्याद पहिल्या दिवशी लिहून घेतली जाते का. नाहीशा झालेल्याच्या आईला उत्तर मिळाले का. आणि जातीबाहेर प्रेम करणारी मुले जिवंत राहतात का. या चारांपैकी एकही ठिकाण राजधानीत नाही, म्हणून करार करणाऱ्यांच्या नजरेला ती पडत नाहीत. ज्यांच्या नजरेला पडतात त्यांना करार लिहायला बोलावले जात नाही.

बाबासाहेब बंधुतेला मैत्री म्हणत. कायदा समता सांगू शकतो, सैन्य शांतता राखू शकते. पण शेजाऱ्याच्या हातचे पाणी कोणाच्याही धाकावाचून पिणे हे मैत्रीचे काम आहे, आणि त्या मैत्रीला जमीन व न्याय यांचा पाया लागतो. आमच्या फाटकावरच्या त्या तरुणाला अलीकडे मी विचारले, गावी परत कधी जाणार? तो म्हणाला, “मुलीला येथेच शाळेत घालायचे आहे, सर. शाळेच्या दाखल्यावर पूर्ण आडनाव लिहू की बी. के.च ठेवू?” शांततेवरचे इतके ग्रंथ उलटूनही याचे उत्तर मला चटकन देता आले नाही. काही वेळाने मी त्याला ‘पूर्ण लिही’ म्हणालो. तसे लिहिल्यावर त्या मुलीला काही सोसावे लागणार नाही, असे मात्र मी त्याला सांगू शकलो नाही.